तापवलेलं हाय का?

वडगाव निंबाळकरच्या दूध संकलन केंद्रावर माझ्या मामाइतकं तिखट नाक दुसरं नव्हतं. किटलीचं झाकण उघडलं की तो हुंगायचा आणि वास आला तर मान वर न करता म्हणायचा, "परत न्या." गाव त्याला 'परततात्या' म्हणे. दुधात पाणी घालणाऱ्या प्रतिष्ठितांबद्दलची त्याची तुच्छता मला वारशात मिळाली.

वारशात मामाचा हिमोफिलियाही मिळाला, आईकडून. रक्त लवकर गोठत नाही. जरा ठेचकाळलं की गुडघ्यात रक्त साचून तो टम्म फुगतो. मामाला तरुणपणी त्यावर पुण्यात इंजेक्शनं दिली. शेकडो लोकांचं रक्त एकत्र करून केलेली, कुणीही न तपासलेली. त्यातून त्याला एचआयव्ही झाला. "एका किटलीनं अख्खा कॅन नासतो, हे आमच्या म्हशीला बी कळतंय," तो म्हणायचा. "ह्या शिकल्याल्यांना न्हाय कळलं."

गावात बातमी फुटली. केंद्राचे चेअरमन, ज्यांच्या किटलीत निम्मी विहीर असायची, ते घरी येऊन उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "तात्या, आता घरीच बसा. लोकांचा दुधावरचा इस्वास उडंल."

"तुमच्या दुधावर कुणाचा व्हता?" मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जागी चेअरमनचा मेहुणा बसला. दहावी नापास, आणि नाकाला बारमाही सर्दी. गाव तेच दूध मिटक्या मारत प्यायलं. अशांना भित्रे म्हणणं म्हणजे भित्र्यांचा अपमान आहे.

पुढं माझा गुडघा सुजला, तेव्हा मी इंजेक्शन घ्यायला साफ नकार दिला. मामाचं काय झालं ते मी पाहत होतो. पाय दुमडलेलाच राहायची वेळ आली, तेव्हा मामा काठी टेकत मला बारामतीला दवाखान्यात घेऊन गेला आणि औषधांच्या खिडकीवर विचारलं, "हे तापवलेलं हाय का?"

खिडकीतला हसला. "काका, हे दूध नाही."

"दूध तरी आमी तापवून पितो. कागद वाच."

खोक्यातल्या कागदावर खरंच लिहिलं होतं, विषाणू मरावेत म्हणून हे औषध तापवलं आहे. रोज ती खोकी देणाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं. मामानं तो कागद त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मला म्हणाला, "घे आता. घरात एक वाया गेला, तेवढा बास."

मी घेतलं. पाय सरळ झाला.

मामा त्याच उन्हाळ्यात गेला. गाव जमलं, तोंडाला रुमाल लावून लांब उभं राहिलं. तिरडीला माझ्या बापाचा आणि दोन चुलत्यांचा खांदा होता. चौथ्या जागी कुणी पुढं येईना. मी गेलो. मसणवाट्यापर्यंत एकदाही लंगडलो नाही.