उखर्ड्यावरचं नाव

असोद्याच्या उखर्डूआबांना आपल्या नावाचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. घरामागे शेणाकचऱ्याचा उखर्डा होता आणि शाळेतली पोरं तिकडे बोट दाखवून म्हणायची, तुझं घर ते. लग्नात मेव्हण्यांनी टोमणा मारला होता, नवरदेवाला आधी झाडून घ्या, मग मांडवात आणा. आबा तेव्हा सगळ्यांबरोबर हसले होते.

त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हे जन्मले तसं आई नानीबाईंनी त्यांना उखर्ड्यावर ठेवलं. टाकलेलं पोर म्हणून शेजारणीनं उचललं आणि सूपभर ज्वारी घेऊन परत दिलं. फेकलेल्या वस्तूवर मरणाची नजर जात नाही, अशी समजूत. पण मग आईनंही त्या पोराचं कधी कौतुक करायचं नाही. नानीबाईंनी हे शेवटपर्यंत पाळलं. त्या मरणाला टेकल्या तेव्हा आबा उशाशी एका शब्दाची वाट पाहत बसले होते. ‘उखर्ड्या, पाणी दे,’ एवढंच त्या म्हणाल्या. आपण आईला नकोसे होतो, हे आबांच्या मनात तेव्हा पक्कं बसलं.

आबांचा मुलगा हितेंद्र दीपनगरच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामावर आहे. त्याच्या बायकोची, सोनलची, दोन बाळं पाठोपाठ गेली. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा हितेंद्रनं मोबाइलवर शोधून छान नाव ठरवलं होतं. आबांच्या बायकोनं, बेबाबाईनं, ते घरात उच्चारू दिलं नाही. उखर्डा आता राहिला नव्हता, म्हणून गोठ्यामागच्या केळीच्या कापलेल्या खांबांच्या ढिगावर बाळाला ठेवलं. नाव कचरू. सोनलनं हरकत घेतली नाही. तो जगला पाहिजे, एवढंच ती म्हणाली.

आणि तिनं सासूपेक्षा कडक पाळलं. दूध पिताना बाळ तिचं बोट धरायचं, ती भिंतीकडे बघायची. एका दुपारी ते पहिल्यांदा खुदकन हसलं. सोनलनं पदराचा बोळा तोंडात धरला, मागच्या दारी गेली आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. मग परत येऊन कोरड्या आवाजात म्हणाली, ‘काय दात काढतो रे, कचऱ्या.’

ओट्यावर जेवत बसलेल्या आबांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांची आई अशीच मागच्या दारी उभी राहायची. आपल्यावर रागावली आहे, असं ते लहानपणी समजत.

त्या संध्याकाळी ते बेबाबाईला म्हणाले, सुनेला एकदा तरी बाळाला लाडानं हाक मारू दे.

‘तुमी जगले ना त्याच नावानं? मंग?’

आबा उठून गोठ्याकडे गेले.

थंडीत बाळाची छाती भरली. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हितेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं, आता आशा धरू नका. तो औषध आणायला म्हणून खाली गेला तो वर आलाच नाही. बेबाबाई घरी देवापाशी बसली होती. खाटेजवळ सोनल आणि आबाच राहिले. बाळाचे ओठ निळे पडत चालले होते आणि सोनल दटावत होती, ‘कचऱ्या, ऊठ. ऊठ, कचऱ्या.’

‘पोरी,’ आबा म्हणाले, ‘आता म्हन त्याले. जे म्हनायचं ते.’

‘आणि माझ्या बोलण्यानं काही झालं तर, आबा?’

‘माह्या मायनं मले येकदाही म्हटलं नाही. मी अजून वाट पाहतो.’

सोनल वाकली. ‘माझ्या राजा,’ एवढं आबांना ऐकू आलं. पुढचं तिनं बाळाच्या कानात सांगितलं. साठवलेलं पुष्कळ होतं. नर्सनं येऊन खांद्यावर हात ठेवला तरी तिचं संपलं नव्हतं.

घरी उंबऱ्यात बेबाबाई उभी होती. आबांच्या हातात बाळ होतं, तोंडावरूनही दुपटं ओढलेलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

‘कोनं हाक मारली त्याले?’

सोनलची मान खाली गेली. आबा तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

‘मी मारली,’ ते म्हणाले. ‘राजा म्हटलं.’

बेबाबाई त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पुढे सरकवते आणि उठून जाते. सोनलनं दोनदा खरं सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा आबांनी तिच्याकडे पाणी मागितलं.