नवी गिटार जुनी करताना

"शनिवार-रविवारी तुम्ही घरी नेमकं काय करता?" छातीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

त्यांच्यासमोर माझी वही उघडी होती. चार आठवडे मी तिच्यात पीक फ्लोचे आकडे लिहीत होते. पीक फ्लो मीटर म्हणजे प्लास्टिकची एक नळी. छातीभर श्वास घ्यायचा, नळीत एकदम जोरात फुंकायचं आणि काटा कुठे थांबला ते लिहायचं, दिवसातून चार वेळा. श्वासनळ्या आवळलेल्या असतील तर काटा खालीच राहतो.

"बहुतेकांना कामाच्या दिवशी त्रास होतो आणि सुट्टीत बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "तुमचं उलटं आहे. शुक्रवारी सकाळी ठणठणीत, रविवारी संध्याकाळी एकदम खाली. हा तिसरा रविवार सोडून. या दिवशी चारही वेळा बरोब्बर साडेतीनशे. खरा आकडा थोडा तरी हलतो हो. हा तुम्ही मनाने लिहिलाय ना?"

मी मान खाली घातली. तेवीस वर्षं मी अंधेरीच्या एका विमा कंपनीत गाड्यांचे दावे तपासते. ठोकलेल्या गाडीचा फोटो बघून ओरखडा अपघाताचा आहे की मालकाने दगड घेऊन काढलाय, हे मी चहा पिता पिता सांगते. आणि मीच पकडले गेले, तेही माझ्या निम्म्या वयाच्या डॉक्टरकडून.

शेजारी बसलेला मिलिंद, म्हणजे माझा नवरा, शेवटी बोलला. "मॅडम, आम्ही नव्या गिटारी जुन्या करतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "ऑक्युपेशनल अस्थमा. कामातून आलेला दमा. पण ऑफिसच्या नाही, तुमच्या या दुसऱ्या कामातून."

हे लिहितेय ते तुमच्यापैकी कुणाचा खोकला असाच महिनोन्महिने हटत नसेल म्हणून.

मिलिंद तरुणपणी जुहूच्या हॉटेलांत गिटार वाजवायचा. आता गिटारी दुरुस्त करतो आणि रॉकमधल्या गाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारींच्या हुबेहूब प्रती बनवतो. आमचं घर दिंडोशीला, चढ चढून गेल्यावर, तळमजल्यावर. मागची बंद केलेली बाल्कनी हाच त्याचा कारखाना. गंमत अशी की गिऱ्हाइकाला गिटार नवी नको असते. ज्या मूळ गिटारीच्या फोटोवर त्याने कॉलेजात असताना जीव टाकला, तिचा रंग जिथे उडालाय तिथेच आणि तेवढाच त्याला उडालेला हवा असतो. म्हणजे महिनाभर खपून चकचकीत केलेली वस्तू मग घासून खराब करायची. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, कुठल्या घरात येऊन पडले मी!

मी त्यात ओढले गेले ते माझ्या खोडीमुळे. एक डावखुरा वादक उजव्या हाताची पांढरी स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी धरून वाजवायचा. तिची प्रत करताना मिलिंदने नेहमीच्या जागी, वरच्या कडेला, कोपराची झीज काढली होती. मी भाजी निवडता निवडता फोटो बघितला आणि म्हटलं, "हा उलटी धरतो ना रे? मग कोपर त्या कडेला कसं येईल? ते इकडे, बटणांच्या बाजूला यायला पाहिजे." मिलिंदने गिटार उलटी करून गळ्यात अडकवली, आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "च्यायला. वाट लागली." त्या दिवसापासून घासायचं काम माझ्याकडे आलं.

वादकांची नावं मिलिंदच्या जिभेवर असतात. मी त्यांना कोपरावरून, मनगटावरून, पट्ट्याच्या बक्कलवरून ओळखते. कोण गिटार पोटाशी धरतो, कोण गुडघ्यापर्यंत लोंबकळत ठेवतो, कोणाच्या नखाने कुठली पट्टी कोरली गेली, सगळं लाकडावर दिसतं. तारांच्या टोकात पेटती सिगरेट खोचून वाजवणाऱ्यांच्या गिटारीला वर काळा डाग असतो. तो मी उदबत्तीने पाडायचे. फ्लाइंग व्ही नावाची इंग्रजी व्हीच्या आकाराची गिटार असते, ती मांडीवर टिकत नाही, त्यामुळे तिची टोकं आधी फुटतात. परदेशातली ही मोठमोठी माणसं, त्यांचं गाणं मला आजही अर्धं कळत नाही. पण त्यांच्या हातांची सवय मला कळायची, आणि मला ते काम मनापासून आवडायला लागलं होतं. ऑफिसात मी लोकांचं खोटं शोधते. इथे मी खोटं करत होते, आणि ते खऱ्याला पुरून उरत होतं. खूप मजा यायची.

बोरिवलीच्या अजितने पाच गिटारींची ऑर्डर दिली. त्याचा बँड जुनं रॉक वाजवतो. एकाच कार्यक्रमात पाच गाजलेल्या गिटारी, एकेक आलटून पालटून, असा त्याचा बेत होता. लोण्याच्या रंगाची टेलिकास्टर, ती उलटी पांढरी स्ट्रॅट, दोन शिंगांची लाल एसजी, फ्लाइंग व्ही आणि शेवटची, सगळ्यात अवघड अशी एक जुनी सनबर्स्ट स्ट्रॅट. सनबर्स्ट म्हणजे मधे पिवळी, कडेला काळपट होत जाणारी. मूळ वादकाने ती इतकी वाजवलीय की अर्ध्या अंगावर नुसतं लाकूड उरलंय. तिच्यासाठी मी महिनाभर फोटो बघत होते.

खोकला सुरू झाला तेव्हा पहिल्या गिटारीचं काम चालू होतं. कोरडा खोकला, छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटायचं, सोमवारी सकाळी ऑफिसचा जिना चढताना धाप लागायची. सुरुवातीला ऑफिसच्या एसीवर खापर फोडलं. मग कबुतरांवर. आमच्या इमारतीत कुणालाही खोकला झाला की कबुतरांचाच उद्धार होतो. नेहमीच्या डॉक्टरांनी सिरप दिलं, मग दुसरं सिरप दिलं, मग छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

एक्स-रे स्वच्छ निघाला. मग स्पायरोमेट्री झाली. या तपासणीत नाकाला चिमटा लावून मशीनमध्ये फुंकायला लावतात आणि फुप्फुसातून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते ते मोजतात. बाहेर बाकड्यावर आम्ही आठ-दहा जण नंबर येण्याची वाट बघत बसायचो, एकाने खोकायला सुरुवात केली की बाकीचे साथ द्यायचे. दमा ठरला आणि पंप सुरू झाला. शेजारच्या वहिनी लगेच म्हणाल्या, "पंप नको गं घेऊस, सवय लागते." तुम्हाला असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून ते अगदी थोडं पुरतं.

पंपाने बरं वाटायचं आणि रविवारी पुन्हा बिघडायचं. तेव्हा मॅडमनी वही ठेवायला सांगितली. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, घरी रंगकाम, केमिकल काही? आम्ही दोघांनीही छातीठोकपणे नाही म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नाही. फवारणी मिलिंद शुक्रवारी दुपारी करायचा, दार लावून, तोंडाला जाड फिल्टरचा मास्क बांधून. मी तेव्हा ऑफिसात असायचे. त्या फवाऱ्याचा माझ्याशी काही संबंध असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

आमची चूक वेगळीच होती, आणि तिचा आम्हाला मोठा अभिमान होता. पॉलिश पूर्ण कडक झालं की घासताना त्याचे टवके उडतात आणि झीज खोटी दिसते. म्हणून मिलिंद मला गिटार दुसऱ्याच दिवशी द्यायचा, पॉलिश आतून ओलसर असताना. मग कडा हातांनी झिजल्यासारख्या गोल यायच्या. मुंबईत हे दुसरं कुणी करत नाही, असं आम्ही सांगत फिरायचो. मी शनिवारी आणि रविवारी सकाळी बसायचे, चष्मा कपाळावर, नाक गिटारीला टेकलेलं. घासायचं, फुंकर मारून भुकटी उडवायची, परत बघायचं.

डॉक्टर मॅडमनी ते समजावून सांगितलं. पीयू नावाच्या पॉलिशमध्ये ते कडक व्हावं म्हणून जे हार्डनर घालतात, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. पॉलिश पूर्ण सुकलं की ते बहुतेक संपतं. अर्धवट सुकलेल्यात ते असतंच, आणि मी तीच भुकटी हुंगत होते. एकदा शरीराने ते ओळखून ठेवलं की पुढे चिमूटभरही पुरतं. याला सेन्सिटायझेशन म्हणतात. त्रासही लगेच होत नाही, काही तासांनी होतो. म्हणून सकाळचं घासणं आणि संध्याकाळची धाप यांचा संबंध लागत नाही.

मला मात्र तो तिसऱ्या रविवारीच लागला होता. वहीतले आकडे दुसऱ्या कुणाचे असते तर दहा दिवस आधीच पकडले असते. सनबर्स्ट राहिली होती. मला ती करायचीच होती. म्हणून मी साडेतीनशे लिहिलं.

"यापुढे त्या बाल्कनीत पाऊल नाही," मॅडम म्हणाल्या. "थोडं नाही, मास्क लावून नाही, एकदाच म्हणून नाही." मिलिंदने माझ्याआधी मान हलवली.

आणि तरी मी ते केलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी. शुक्रवारी दुपारी, मॅडमकडे जायच्या आधी, सनबर्स्टवर पॉलिशचा शेवटचा हात मारून झाला होता. मिलिंद तार आणायला वाकोल्याला गेला. मी बाल्कनीचं दार उघडलं, ओढणी तोंडाला बांधली आणि वरच्या कडेची दोन बोटं जागा घासली. फार सुंदर आली होती. काहीच त्रास झाला नाही. मी मनात म्हटलं, डॉक्टर लोक घाबरवतातच.

संध्याकाळी पाचला चहाचा कप हातात धरता येईना. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. बोलायला गेले तर एकेक शब्द तोडून येत होता. मिलिंदने रिक्षा थांबवली आणि मला जवळजवळ उचलून आत बसवलं. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर लावलं. त्यात औषधाची वाफ करून मास्कमधून देतात. हाताला सलाईन. मला मरायची भीती वाटली. हे लिहायला लाज नाही वाटत मला, ज्याला श्वास पुरत नाही त्याला बाकी काहीच सुचत नाही.

दोन दिवस वॉर्डात होते. नर्स मुली दर दोन तासांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायच्या आणि मला रागवायच्या, "मावशी, बोलू नका." मिलिंद स्टुलावर बसून असायचा. एक शब्द त्याने सुनावला नाही. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मास्क निघाला तेव्हा तो म्हणाला, "अजितला फोन केलाय. सगळं बंद. बाल्कनी रिकामी करून टाकतो."

"गिटारी कशाला बंद करतोयस?" मी म्हटलं. "बाल्कनी बंद कर ना."

"तुझ्यापेक्षा गिटारी मोठ्या आहेत का गं?"

"नाहीत. पण तू घरी रिकामा बसलास तर मला दुसरा अटॅक येईल."

तो हसला आणि मग स्टुलावरच रडला. तीस वर्षांत मी त्याला दोनदाच रडताना पाहिलंय.

आता त्याने वाकोल्याला एक गाळा भाड्याने घेतलाय, तिथे हवा बाहेर फेकणारे पंखे बसवलेत. घरी येण्याआधी तिथेच अंघोळ करतो, कपडे बदलतो, कामाचे कपडे तिथेच धुतो. बाल्कनी आम्ही साबणाच्या पाण्याने पुसून काढली, म्हणजे त्याने काढली. पाचवी गिटार न्यायला अजित आला तेव्हा तिच्यावर फक्त मी घासलेली दोन बोटं जागा होती. मी त्याची माफी मागितली. तो तिला गळ्यात अडकवून बघत म्हणाला, "वहिनी, सुरुवात तुम्ही करून दिलीत ना, बाकीची झीज मी करतो. पंचवीस वर्षं आहेत माझ्याकडे." कार्यक्रमात चार म्हाताऱ्या गिटारींमध्ये ती एक तरणीताठी दिसत होती. मला राहून राहून तिचंच कौतुक वाटलं.

ते काम गेलं याचं वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू? अजूनही चांगली झिजलेली गिटार दिसली की हात शिवशिवतात. पण माझा खोटा आकडा वेळेवर पकडणाऱ्या त्या मॅडम, रागावणाऱ्या नर्स मुली, हॉर्न वाजवत सिग्नल तोडणारा तो रिक्षावाला, या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुमच्याकडे छंद असेल, घरगुती धंदा असेल, तर डॉक्टरांना सांगा. रांगोळीचे रंग, चिकट डिंक, काहीही असो. त्यांनी नाही विचारलं तरी सांगा. आणि वहीत खरा आकडा लिहा.

परवा ऑफिसातून येताना बसमधून उतरले आणि मिलिंदला फोन लावला. रात्री काय करायचं, दूध आहे का, गाळ्याच्या मालकाशी काय बोलणं झालं, असं सगळं चाललं होतं.

"कुठे आहेस गं?" मधेच त्याने विचारलं.

"आपल्या चढावर. अर्धा झाला. का रे?"

"तू बोलतेयस," तो म्हणाला. "एकदाही न थांबता बोलतेयस."

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. तो फोन कानाला लावून माझा श्वास ऐकत राहिला आणि मी उरलेला चढ चढून घरी आले.