स्तंभ हलवणाऱ्यांची चित्रे

त्या तपासातली माझी चूक अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुण्यातल्या एका ग्रंथालयातून युरोपातल्या बरोक काळातला, तीनेकशे वर्षे जुना चित्रग्रंथ नाहीसा झाला होता आणि पोलीस अधिकारी म्हणून तपास माझ्याकडे होता. रोममधला प्राचीन दगडी स्तंभ दुसऱ्या जागी कसा नेला, याची तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे त्यात होती: लाकडी मनोरे, दोरखंड, रहाट फिरवणारे घोडे, शेकडो मजूर. कपाटाची चावी ग्रंथालयाच्या शिपायाकडे असे. मी त्याला तीन दिवस सकाळी बोलावून संध्याकाळी सोडले.

"चावी माझ्याकडंच होती, साहेब. पण ते स्कॅनिंगवाले साहेब मोठी बॅग घेऊन यायचे. त्यांना विचारा की."

हे साहेब म्हणजे जपानहून सुट्टीवर आलेला संगणक अभियंता. ग्रंथालयाची पुस्तके तो हौसेने स्कॅन करून देई.

"तो काय तुझ्यासारखा आहे?" मी म्हणालो. अभियंत्याचा जबाब घेतलाच नाही. शिपाई निलंबित झाला.

आठ महिन्यांनी जपानमधल्या ग्योतोकुहून एका मराठी बाईंचा ग्रंथालयाला फोन आला. त्यांच्या इमारतीत रद्दीच्या दिवशी कोणीतरी पुस्तकाची रिकामी चामडी बांधणी कागदांत ठेवली होती. तिथे कचरा प्रकारवार वेगळा द्यावा लागतो; चामडे कागदात चालत नाही. कचरा नेणाऱ्यांनी नकाराची चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडली. आत ग्रंथालयाचा देवनागरी शिक्का दिसला, म्हणून रखवालदाराने ती बाईंना दाखवली. इमारतीत भारतीय घरे दोनच. दुसरे अभियंत्याचे.

परवानग्यांत आणखी वर्ष गेले, मग मी जपानला गेलो. तिथे प्रश्न जपानी अधिकाऱ्यानेच विचारायचे. मी दुभाष्याशेजारी गप्प बसायचे. तासभर अभियंता सगळे नाकारत होता. अधिकाऱ्याने चिठ्ठीसकट बांधणी टेबलावर ठेवली, तेव्हा तो माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "साहेब, मी ती चित्रं वाचवली. तिकडे वाळवीनं खाल्ली असती."

मला राहवले नाही. "आणि तो शिपाई?"

"कोण शिपाई?"

चित्रे त्याच्या घरी मिळाली. पंचनाम्याच्या वेळी एक जवळून पाहिले. दोर ओढणाऱ्या प्रत्येक मजुराची वाकलेली पाठ कोरणाऱ्याने वेगळी काढली होती. माझ्यासमोर तीन दिवस एकच माणूस बसला होता आणि मी त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. तपासात माणसाचे कपडे आणि हुद्दा आधी दिसतात. तिथेच थांबले की तपास संपतो.

निर्दोषत्वाचे पत्र घेऊन मी स्वतः शिपायाच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोने अर्धेच उघडले. आत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

पत्र घेऊन ती हळूच म्हणाली, "वाचून दाखवते. पोलीस आले होते, हे मात्र सांगत नाही."