झाकलेला पट्टा

आजही आठवलं की डोकं फिरतं. राज्याची वाटणी चालू होती. आमच्या लहानशा सरकारी संस्थेत कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, याशिवाय दुसरा विषय नव्हता. माझे गाइड सर तिकडे जाणार हे ठरलेलं होतं.

कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, दिसत नाही. पण त्याचे कण हळूहळू मोडत असतील, तर अवकाशातून येणाऱ्या गॅमा किरणांत एका ठरावीक ऊर्जेवर बारीकसा उंचवटा, आमच्या भाषेत 'लाइन', यायला हवा. उपग्रहाच्या डेटात तो शोधणं ही माझी पीएचडी. यात एक कडक रिवाज असतो: उंचवटा जिथे असू शकेल तो पट्टा आधी झाकायचा, डेटातलं काय ठेवायचं, काय टाकायचं याच्या गाळण्या, म्हणजे कट्स, पक्क्या करायच्या, मगच पट्टा उघडायचा. आधी बघितलं की गाळण्या आपोआप मनासारख्या फिरतात.

त्या दुपारी मी बाबांना गाडीत बसवायला नामपल्ली स्टेशनवर गेले होते. परतले तर सर हिमायतनगरहून आणलेला मैसूरपाक वाटत होते.

"आओ अम्मा, लाइन मिल गई! जाने से पहले एक बार देखना था. थोड़ा कट्स इधर-उधर करा, निकल गई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मिठाईला हातही लावला नाही. त्याच गाळण्या लावून पृथ्वीच्या कडेवरून येणारे किरण तपासले. ते आपल्याच वातावरणात तयार होतात, कृष्णद्रव्याचा तिथे काही संबंध नाही. उंचवटा तिथेही होता. म्हणजे दोष उपग्रहावरच्या दुर्बिणीचा होता.

सरांचा चेहरा उतरला. "दो दिन तो खुश रहने देते, अम्मा."

मला त्यांची जराही कीव आली नाही. बघितलेला डेटा आता न बघितलेला होणार नव्हता. उपग्रह यापुढे जे गोळा करेल तेवढंच माझ्या कामाचं उरलं. सर शाल-श्रीफळ घेऊन गेले, मी थांबले. विद्यानगरच्या घरी आईने प्रबंधाचं विचारणं सोडून दिलं.

काही वर्षांनी नवा पट्टा सगळ्यांसमोर उघडला. आलेखाची रेघ सपाट होती. तेवढ्यावरही प्रबंध होतो, माझा झाला.

सरांचा फोन आला. "कुछ नहीं मिला ना? मालूम था. इतने साल बेकार गए तुम्हारे."

मी फोन आपटला. माझी वर्षं त्या सपाट रेघेने नाही, त्यांच्या मैसूरपाकाने खाल्ली होती.