भीमाचा रांजण

आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आम्हाला डोंगरावरच्या लेण्यातून खाली पाठवलं.

आतल्या शेंदूर फासलेल्या गोल दगडापुढे मी मेणबत्ती लावत होते. मागून यात्रा कमिटीचे अण्णा आले. चपला घालूनच आत. "ताई, तुमी शिकलेल्या. तुमाला ठावं न्हाई व्हय? भीमाचा रांजण हाय त्यो. तुमच्यातल्या कुणी शिवलं की टाकं आटतं."

काकांनी मेणबत्ती विझवली. सगळे उतरले. मीही.

डिंगोऱ्याच्या पुढचं आमचं गाव. आम्ही बौद्ध. गावाच्या लेखी अजून जुनेच. गावात सांगतात, पांडवांनी एका रात्रीत लेणं कोरलं आणि भीमाने आपला रांजण तिथेच पालथा घातला. बाहेर कातळात टाकं आहे, त्याला पाणी त्या रांजणाचं. यात्रेआधी पायऱ्या झाडायचं काम आमच्या घराकडे. आई उंबऱ्यापर्यंत झाडायची. आत तिला मनाई.

कॉलेजात असताना मी तिला सांगितलं, तो रांजण नाही, स्तूप आहे. बुद्धाचा. शेंदूर नंतर फासलाय. ती खराटा बांधत होती. बांधून झाल्यावर म्हणाली, "मंग मला एकदा हात लावायचाय." पण टाकं खरंच आटलं तर? गाव पाणी कुठलं पिणार? या काळजीने ती थांबली. हात न लावताच गेली.

यात्रा आली. अण्णांचा निरोप आला, "आई न्हाई, तर लेकीनं यावं झाडायला. रीत हाय."

गेले. खराटा न घेता. उंबरा ओलांडला आणि दोन्ही तळवे स्तूपावर ठेवले. हाताला शेंदूर लागला.

"अगं ए! आटंल ना टाकं!" अण्णा ओरडले.

"आटू द्या," मी म्हणाले. "मी बसते इथंच. बघू."

बसले. बायका येत होत्या, हंडे भरून जात होत्या. एक जण म्हणाली, "अण्णा, हंडा बुडतुय की वो अजून." दोघी हसल्या.

वाटलं, आता तरी. दुसऱ्या दिवशी कमिटीने आत गोमूत्र शिंपडलं. आता गावात सांगतात, वेळेवर शिंपडलं म्हणून टाकं वाचलं. डोळ्यांदेखत भरलेलं पाणीही त्यांना काही शिकवत नाही. मग मी काय शिकवणार?

आता शिकवत नाही. दर पौर्णिमेला वर जाते, आईच्या नावाने हात लावते. टाक्यात पाणी आहे. पायऱ्यांवर पाला साचलाय. तो मी झाडणार नाही.