ग्राफिक्स कार्डाला पाजलेलं पाणी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. घेतलं तेव्हा हिवाळा होता, त्यामुळे स्वतःला फार हुशार समजत होतो. एप्रिलात ती हुशारी उघडी पडली. गेम सुरू करून दहा मिनिटं झाली की कार्ड नव्वद अंशांवर जायचं, त्याचा पंखा बोंबलायचा आणि पडद्यावरचं चित्र अडखळायचं. मग मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला आणि घरातला कुलर सरळ त्याच्या तोंडाशी लावला. घर म्हणजे वाळूजजवळच्या भाड्याच्या दोन खोल्या, आणि कुलर एकच.

त्या वर्षी दुष्काळ होता. आजूबाजूला नव्या इमारती धडाधड उठत होत्या आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. ड्रममध्ये पाणी कुठवर आहे हे आईला झोपेतही सांगता आलं असतं. कुलरमध्ये पाणी घालायचं नाही, नुसता पंखा लावायचा, असा तिचा हुकूम होता. त्या पंख्यातून निव्वळ झळा यायच्या.

अशात आत्या आली. वडिलांची ही थोरली बहीण खुलताबादच्या पलीकडे शेरडं-मेंढरं राखायची. तिला धूसर दिसायला लागलं होतं, म्हणून सरकारी दवाखान्यात दाखवायला तीन दिवस राहणार होती. येताना तिनं तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून आणलं होतं, वर ओलं फडकं गुंडाळून.

"मपलं पानी म्या आनलंय. तुमच्यावर भार नगं," ती म्हणाली.

"असं काय करता वन्सं," आई म्हणाली, पण कॅन ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी आत्या दवाखान्यातून आली. डॉक्टरांनी मोठ्या तपासणीसाठी परत उद्या बोलावलं होतं. दुपारी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. वडील कामावर, आई शेजारणीकडे. हेडफोनमधून चार मित्र माझ्या नावानं ओरडत होते आणि कार्ड पुन्हा नव्वदला टेकलं होतं. मी उठलो. ड्रमला हात लावला असता तर आईला कळलं असतं. कॅनकडे कोण बघतंय? हा विचार मी नीट, सावकाश केला होता, हे लिहिताना आजही लाज वाटते. सगळा कॅन कुलरमध्ये ओतला. कार्ड सात अंशांनी उतरलं आणि ते मी मित्रांना मोठ्या कौतुकानं सांगितलं.

संध्याकाळी आईनं कॅन उचलला. "वन्सं, ह्यातलं पाणी कुठं गेलं?"

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"म्याच लवंडलं बया," आत्या म्हणाली. "दिसंना मला."

म्हणजे दुपारी ती जागी होती.

वडील नुकतेच कंपनीतून आले होते, वैतागलेले. "अक्का, इथं थेंब थेंब जपावा लागतो. जरा बघून तरी उचलायचं!"

"व्हय रं, चुकलंच," ती म्हणाली. धाकट्या भावासमोर मान खाली घालून. मी एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. पण वडील कॉम्प्युटर काढून घेतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जेवताना तिनं दवाखान्यातल्या गोळीपुरतं आमच्या ड्रममधलं पाणी घेतलं, वर घोटभरही नाही.

सकाळी तिनं पिशवी भरली. तपासणी राहिली होती, वडिलांनी परोपरीनं सांगितलं, पण ती ऐकेना. "शेरडं खोळंबल्यात," एवढंच म्हणत राहिली. भार व्हायचं नाही म्हणून पाणी घेऊन आलेली बाई. माझ्यामुळं तिला आता तिथं राहवत नव्हतं. मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेलो. वाटेत तीनदा सांगायचं ठरवलं आणि तीनदा एसटीच्या वेळेचंच बोललो.

गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून मला जवळ बोलावलं, डोळे बारीक करून माझा चेहरा शोधला.

"तुझं ते मशीन निवलं का रं, लेकरा?"

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. मी "व्हय" म्हणालो.