पुरवणीतली आमची टीम

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या शाळेत मुलींची बास्केटबॉलची टीम होती, आणि अकरावीत मी तिची कॅप्टन झाले. कारण साधं होतं. बारावीच्या सगळ्या उंच मुली एकदम पास होऊन गेल्या आणि उरलेल्यांत मीच सगळ्यात जुनी.

त्याच सुमाराला एका हिंदी पेपराने आमच्या भागासाठी वेगळी पुरवणी काढली. सोसायट्या नव्या, दुकानं नवी, पानं भरायला बातम्या मात्र कमी. त्यांचा वार्ताहर आमची प्रॅक्टिस बघायला आला, तेव्हा नेमकी मी खाली बसून बुटाची नाडी बांधत होते. तोच फोटो छापून आला. वर मथळा : 'उजड़ गई टीम'.

शेजारच्या काकू लगेच आईला भेटायला आल्या, आवाज अगदी हळू ठेवून. मला त्यांनी कम्प्युटर क्लास सुचवला. माझे बाबा केंद्र सरकारात नोकरीला. छापलेल्या अक्षरावर त्यांचा पूर्ण विश्वास. त्यांनी आमची एकही मॅच पाहिली नव्हती, तरी जेवताना मला समजावलं की हरलीस तर मनाला लावून घेऊ नकोस.

पहिली मॅच आम्ही जिंकलो. उंच मुली होत्या तेव्हा बॉल त्यांच्याकडे फेकून बाकीच्या बघत उभ्या राहायच्या. आता पळण्यावाचून इलाज नव्हता. समोरच्या दमल्या. पुरवणीत लगेच 'छोटी लड़कियों की क्रांति' झाली, आणि मी शांत डोक्याची सेनापती. खरं तर पाच फाउल करून मी मध्येच बाहेर गेले होते आणि तिथून नुसती ओरडत होते. काकूंनी पेढे आणले.

दुसऱ्या मॅचला बाबा हाफ डे घेऊन स्वतः आले. आम्ही अगदी थोडक्यात हरलो. सकाळी त्यांनी पुरवणी उघडली, तर आमच्या जागी नव्या फ्लॅट्सची पानभर जाहिरात.

"म्हणजे कोणाला कळणारच नाही?" ते म्हणाले.

मग जिन्यात उभं राहून ते दुधाला निघालेल्या प्रत्येकाला मॅच सांगू लागले. समोरच्या मुली सहा फुटी झाल्या, रेफरी तर सरळ विकला गेला. मी दारातून ऐकत होते.

"बाबा, असं काही झालं नाही."

"तू खेळत होतीस," ते म्हणाले. "बघत मी होतो."

पुढच्या मॅचला अर्धी बिल्डिंग आली. आम्ही सपाटून हरलो, आणि परतताना सगळ्यांनी मिळून रेफरीला नावं ठेवली.